या खाटेपासून त्या खाटेपर्यंत

अतिदक्षता विभागातून आलेला कल्चर रिपोर्ट वाचायला डॉक्टर असावे लागत नाही. डाव्या बाजूला प्रतिजैविकांची नावे, उजव्या बाजूला एकेक इंग्रजी अक्षर. औषध लागू पडत असेल तर एस, पडत नसेल तर आर. एके काळी या रकान्यात दोन्ही अक्षरांची सरमिसळ असे. आता अनेकदा वरपासून खालपर्यंत आर, आर, आर अशी रांग लागते आणि तळाशी कोलिस्टिनसारखे एखादे जुने, मूत्रपिंडाला त्रास देणारे औषध तेवढे उरते. नातेवाईक विचारतात, 'डॉक्टर, मग आता कोणते औषध?' प्रश्न रास्तच आहे. पण त्या कागदावर आणखी एक प्रश्न असतो आणि तो सहसा कोणी विचारत नाही. रुग्ण मोटारसायकलवरून पडून, मांडीचे हाड मोडून आला होता. आला त्या दिवशी त्याच्या छातीत हा जिवाणू नव्हता. नवव्या दिवशी आहे. मधल्या काळात तो आला कुठून?

ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, स्यूडोमोनास ही रुग्णालयातली नेहमीची नावे. क्षयाच्या जंतूंसारखी ती हवेतून सहज फिरत नाहीत. काही जिवाणू रुग्ण स्वतःच आपल्या आतड्यांतून घेऊन येतो, काही ओल्या बेसिनांत नि नळ्यांत दबा धरून असतात; पण एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जायला त्यांना बहुतेक वेळा कोणाचा तरी हात लागतो. हे पुस्तक त्या हातांविषयी आहे. सिस्टरांचे, ब्रदरांचे, डॉक्टरांचे, फिजिओथेरपिस्टचे, एक्स-रे काढणाऱ्याचे, मावशी-मामांचे आणि डबा घेऊन आलेल्या मेहुण्याचेही.

औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंबद्दल आपल्याकडे बोलले जाते ते बहुतेक प्रतिजैविकांच्या गैरवापराबद्दल. सर्दीला गोळ्या देणारे डॉक्टर, चिठ्ठीशिवाय विकणारे दुकानदार, कोंबड्यांच्या खाद्यातली औषधे. हे सगळे खरे आहे. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट अशा संसर्गांमुळे गेली, असा अंदाज आहे. पण औषधांच्या माऱ्यात टिकून राहिलेला जिवाणू एका रुग्णापाशीच थांबला, तर ते त्या एकट्याचे दुर्दैव ठरते. तो वॉर्डभर झाला की ती साथ होते. प्रतिजैविके असे जिवाणू घडवतात, हात ते वाटतात. या वाटपाकडे मात्र आपण शाळेतल्या स्वच्छता-तासासारखे पाहतो. भिंतीवर 'हात धुवा' असे पोस्टर लावले की प्रशासनाचे काम संपते, आणि त्यानंतरही कोणी हात धुतले नाहीत तर तो त्याच्या वळणाचा दोष. माझे मत याच्या नेमके उलट आहे. रुग्णालयातले हात अस्वच्छ राहतात ते मुख्यतः सोय नसल्यामुळे, माणसे कमी असल्यामुळे आणि वरिष्ठांना कोणी विचारत नसल्यामुळे. चांगले वळण लावून हा प्रश्न सुटला असता, तर दीडशे वर्षांपूर्वीच सुटला असता.

या विषयावरचे लिखाण व्हिएन्नाला जाऊन आल्याशिवाय राहत नाही, तेव्हा आपणही जाऊ. फक्त नेहमीपेक्षा थोडे पुढेपर्यंत. तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात शेकडा ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात शेकडा ३ हूनही कमी. शहरातल्या गरीब बायकांना हे पक्के ठाऊक होते. पहिल्या विभागात नाव लागू नये म्हणून त्या गयावया करत. त्या विभागात इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरीचा तरुण डॉक्टर होता. मार्च १८४७ मध्ये त्याचा मित्र, न्यायवैद्यकाचा प्राध्यापक याकोब कोलेत्श्का, शवविच्छेदनात सुरीचे टोक लागून वारला, आणि त्याच्या शरीरात बाळंतरोगाने गेलेल्या बायकांसारख्याच खुणा निघाल्या. विद्यार्थी शवांवर काम करून तसेच प्रसूतिकक्षात येत. मेच्या मध्यापासून सेमेलवाइसने क्लोरीनच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले मृत्यू जूनमध्ये २ च्या आसपास आणि जुलैत सव्वापर्यंत उतरले.

गोष्ट सहसा इथे थांबवतात. आपल्या कामाचा भाग पुढचा आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गर्भाशयाचा कर्करोग असलेली, सतत स्राव होणारी एक बाई त्या विभागात दाखल झाली. तिला दिली गेली ती खाट नेमकी राउंड सुरू व्हायची खाट. तिला तपासून मंडळी नुसत्या साबणाने हात धुऊन पुढच्या खाटांकडे गेली. त्या वेळी बाळंत होत असलेल्या बारा जणींपैकी अकरा दगावल्या. इथे शवाचा संबंध नव्हता. विष जिवंत माणसाकडून जिवंत माणसाकडे, ओळीतल्या एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर गेले होते. मग सेमेलवाइसने नियम कडक केला. शवागारातून येताना एकदा हात धुणे पुरे नव्हते, अशा रुग्णाला हात लावल्यावर पुढच्या रुग्णाआधीही क्लोरीनचे पाणी आवश्यक ठरले. आजच्या प्रत्येक वॉर्डातला प्रश्न हाच आहे.

सेमेलवाइसचे पुढे काय झाले ते दुःखद आहे. त्याला व्हिएन्ना सोडावे लागले, ग्रंथ लिहायला १८६१ उजाडले, न ऐकणाऱ्यांना त्याने जाहीर पत्रांतून खुनी म्हटले, आणि १८६५ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी, वेड्यांच्या इस्पितळात तो वारला. त्याला हुतात्मा आणि त्याच्या सहकाऱ्यांना अडाणी ठरवून आपण मोकळे होतो. पण क्लोरीनच्या पाण्यात दिवसातून वीस-तीस वेळा हात बुडवून पाहा, चार दिवसांत सालपटे निघायला लागतात. त्याचे म्हणणे बरोबर होते आणि त्याने सांगितलेला उपाय रोजच्या कामात टिकण्यासारखा नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. दुसरी सोडवायला पुढची जवळजवळ दीड शतके गेली.

हातावर नेमके असते काय? १९३८ साली फिलिप प्राइस या अमेरिकन शल्यविशारदाने एकामागून एक भांड्यांत हात घासून प्रत्येक भांड्यातले जिवाणू मोजले आणि त्यांचे दोन गट केले. पहिला रहिवाशांचा. हे कातडीच्या खोल थरात, घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथींपाशी घर करून असतात, कितीही घासले तरी पुरते जात नाहीत आणि निरोगी माणसाचे सहसा काही बिघडवत नाहीत. दुसरा पाहुण्यांचा. हे कुठल्या तरी स्पर्शातून येतात, वरवर बसतात आणि पुढच्या स्पर्शाबरोबर उतरून जातात. रुग्णालयकर्मचाऱ्यांच्या हातांवर दर चौरस सेंटिमीटरला चाळीस हजारांपासून चाळीस-पंचेचाळीस लाखांपर्यंत जिवाणू मोजले गेले आहेत. ऐकून दचकायला होते, पण त्यांतले बहुसंख्य रहिवासी. रुग्णाला घातक ठरतात ते पाहुणे, आणि हात न घासता सोडले तर ते मिनिटांपासून तास-दोन तासांपर्यंत जिवंत राहतात. दुसऱ्या खाटेपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागत नाही. सुदैव एवढेच की वरवर बसलेले असल्यामुळे हाकलायलाही ते सोपे.

नर्सिंगच्या नव्या तुकडीला दाखवायचा एक जुना प्रयोग आहे. काचेच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या चपट्या बशीत रक्तमिश्रित आगर असते, दिसायला लालभडक जेलीसारखे. त्यावर पाच बोटांची टोके हलकेच टेकवायची, झाकण लावायचे आणि बशी ३७ अंशांवर रात्रभर ठेवायची. सकाळी बोटांच्या जागी पाच ठसे उगवलेले असतात. पांढरे, पिवळसर ठिपके, कुठे ठिपक्याभोवती रक्त विरघळून झालेले फिकट कडे, कुठे क्लेबसिएलाचा ओला, चिकट, तार सुटणारा गोळा. ज्या बोटांना आदल्या संध्याकाळी डोळ्यांना दिसणारा मळ मुळीच नव्हता, त्यांचेच हे ठसे. दुसरा प्रयोग अतिनील दिव्याचा. दिव्याखाली चमकणारे मलम हातांना नेहमीच्या सवयीने चोळायला सांगतात आणि मग कोणता भाग काळा राहिला ते पाहतात. तळहात चमकत असतात. काळी राहतात बोटांची टोके, अंगठा आणि बोटांच्या बेचक्या. रुग्णाला सगळ्यात आधी लागतात ती टोके आणि अंगठाच.

आता वॉर्डात येऊ. रात्रपाळी आहे. सिस्टर चार नंबरच्या खाटेपाशी वाकून लघवीची पिशवी रिकामी करते, खालची चिमटी बंद करते, आकडा लिहायला खिशातले पेन काढते. तेवढ्यात पाच नंबरचा पंप वाजायला लागतो. दोन ढांगांत ती तिथे. बटण दाबून आवाज बंद, नळीतल्या हवेच्या बुडबुड्याला टिचकी, नळीवरचा थ्री-वे कॉक अर्धा फिरवला, सिरिंजने थोडे ओढून पाहिले, पुन्हा सुरू. वीस-पंचवीस सेकंदांचे काम, चोख केलेले. थोडा उशीर झाला असता तर रक्तदाबाचे औषध थांबले असते. पण चार नंबरच्या मूत्रमार्गातले जिवाणू आता पाच नंबरच्या थ्री-वेवर आहेत, आणि ती नळी थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत उघडते. या पंचवीस सेकंदांत सिस्टरने बेसिनपाशी जाऊन, साबण लावून, हात पुसून यायला हवे होते असे म्हणणाऱ्याने कधी रात्रपाळी केलेली नसते.

आणि घाणीला हात लागायलाच हवा असेही नाही. १९७७ साली इंग्लंडमध्ये केसवेल आणि फिलिप्स यांनी दाखवले की रुग्णाची नाडी पाहणे, रक्तदाब मोजणे, त्याला उचलून बसवणे असल्या 'स्वच्छ' कामांनंतरही परिचारिकांच्या हातांवर क्लेबसिएलाचे शंभर ते हजार जिवाणू येतात. रुग्णाची कातडी, चादर, खाटेचा कठडा, मॉनिटरची बटणे हे सगळे त्याच्याच जिवाणूंनी माखलेले असते. ॲसिनेटोबॅक्टर तर कोरड्या पृष्ठभागावर काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत टिकतो. रुग्ण घरी जातो, नवा येतो, कठडा तोच.

हातांवर काय काय असते हेही पाहावे. आपल्याकडे बोटात पुष्कराज, मनगटावर देवाचा लाल दोरा, नवीन लग्न झालेल्या सिस्टरच्या हातात हिरवा चुडा. अंगठीखाली जिवाणू जास्त सापडतात हे अनेकदा दिसले आहे, आणि भिजलेला दोरा दिवसभर ओलाच राहतो. नखांचे प्रकरण त्याहून वाईट. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात १९९७-९८ मध्ये नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात स्यूडोमोनासची साथ आली, तेव्हा तिचा संबंध परिचारिकांच्या लांब आणि चिकटवलेल्या नखांशी लागला. श्रद्धेला आणि हौसेला धक्का न लावता हे कसे सांगायचे, हा प्रत्येक मेट्रनपुढचा नाजूक प्रश्न आहे. मला विचाराल तर दोरा ड्यूटीपुरता खिशात ठेवल्याने देव रागावत नाही.

या सगळ्याला भारतात वेगळी धार आहे. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत २००८ साली असा क्लेबसिएला सापडला, ज्याच्यावर कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांचाही उपाय चालेना. त्यांना निकामी करणाऱ्या विकराला एनडीएम-१ असे नाव मिळाले, त्यात नवी दिल्ली आली, आणि २०१० साली नावावरून संसदेपर्यंत आरडाओरडा झाला. त्या गदारोळाच्या काही महिने आधी, मार्च २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याच प्रयोगशाळेतले निष्कर्ष भारतीय नियतकालिकात छापले होते. कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या २४ जिवाणूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१. आपल्या घरातली गोष्ट अशी उघड सांगायला धैर्य लागते, आणि नावाच्या वादात त्या निबंधाकडे पुरेसे लक्ष गेले नाही याची मला खंत आहे. या विकराचे जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे जनुकांच्या सुट्या वर्तुळावर असते, आणि एका जातीचा जिवाणू ते दुसऱ्या जातीच्या जिवाणूला देऊ शकतो. त्या स्वीडिश रुग्णाच्याच शौचात ई. कोलायमध्येही ते सापडले होते. हाताबरोबर एक जिवाणू जातो तेव्हा पुढच्या रुग्णाच्या आतड्यातल्या इतरांनाही तो शहाणे करून ठेवतो.

सगळ्यात जास्त किंमत मोजतात ती नवजात बाळे. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. रक्तातल्या जंतुसंसर्गात ॲसिनेटोबॅक्टर पहिल्या क्रमांकावर होता, आणि त्यातले पाचांपैकी चार अनेक औषधांना न जुमानणारे. संसर्गाचे सुमारे दोन-तृतीयांश प्रसंग जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांतले होते. बाळाने अजून आईखेरीज जग पाहिलेले नाही आणि त्याच्या रक्तात मात्र अतिदक्षता विभागातला मुरलेला जिवाणू. प्रसूतीच्या टेबलापासून वॉर्मरपर्यंतच्या वाटेवर जे जे हात त्याला लागले, त्यांचा विचार इथे टाळता येत नाही.

आता दिलासा देणारी गोष्ट. सहा-सात प्रतिजैविकांना पुरून उरलेला हाच जिवाणू हातावरच्या अल्कोहोलमध्ये अर्ध्या मिनिटाच्या आत मरतो. प्रतिजैविक जिवाणूच्या एखाद्या नेमक्या यंत्रणेवर घाव घालते. जिवाणू ती यंत्रणा बदलतो, औषध फोडणारे विकर बनवतो किंवा औषध बाहेर फेकणारे पंप बसवतो. अल्कोहोल त्याची प्रथिनेच गोठवते आणि आवरण विस्कटून टाकते. एनडीएमचा इथे काही उपयोग होत नाही. प्रथिने गोठवायला थोडे पाणी लागते, म्हणून शंभर टक्के शुद्ध अल्कोहोलपेक्षा साठ ते ऐंशी टक्क्यांचे जास्त परिणामकारक. याला मर्यादा आहेत. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचे बीजाणू अल्कोहोलला भीक घालत नाहीत, तिथे साबण आणि वाहते पाणीच हवे. हात दिसायला मळलेले असतील तरीही तेच. आणि २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी एन्टेरोकॉकस फेशियमचे नवे वाण जुन्यांपेक्षा अल्कोहोल जास्त सोसतात असे दाखवले, तेव्हा गाफील राहून चालणार नाही. पण आज तरी हे हत्यार बोथट झालेले नाही.

या हत्याराने काय साधते ते जिनिव्हात दिसले. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ पासून निरीक्षण सुरू केले. हात स्वच्छ करायला हवेत अशा शंभर वेळांपैकी ४८ वेळाच ते होत होते. त्यांनी कोणाची कानउघाडणी केली नाही. प्रत्येक खाटेशी अल्कोहोलची बाटली लावली, खिशात मावेल अशी छोटी बाटली दिली, कर्मचाऱ्यांनीच सुचवलेली चित्रे भिंतींवर लावली आणि आलेले आकडे पुन्हा त्यांनाच दाखवले. १९९७ पर्यंत ४८ चे ६६ झाले, आणि रुग्णालयात होणाऱ्या संसर्गांचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवरून १० च्या खाली आले. साबणाने धुण्याचे प्रमाण होते तेवढेच राहिले. वाढ सगळी बाटलीची. त्या निबंधात एक वाक्यभराची नोंद आहे, तीही सांगायला हवी. परिचारिकांमध्ये सुधारणा झाली, डॉक्टरांमध्ये झाली नाही.

बाटलीने एवढा फरक का पडावा, याचा हिशोब १९९७ सालीच व्हॉस आणि विडमर या दोघांनी मांडला होता. अतिदक्षता विभागात एका पाळीला बारा परिचारिका आहेत आणि त्या नियमाप्रमाणे प्रत्येक वेळी बेसिनवर जाऊन हात धुतात असे धरा. त्यात सगळ्यांचे मिळून पाळीतले १६ तास जातात. म्हणजे बारापैकी दोन जणींनी दिवसभर हात धुण्यापलीकडे काहीच केले नाही असे होते. खाटेशीच असलेल्या बाटलीने तेच काम ३ तासांत भागते. ही आकडेवारी मी प्रत्येक अधीक्षकाच्या टेबलाच्या काचेखाली ठेवायला सांगेन. 'हात धुवा' हे पोस्टर लावताना तुम्ही माणसांकडे नसलेला वेळ मागत असता, हे तीतून कळते.

आपल्या बेसिनांविषयी तर काय बोलावे. बेसिन वॉर्डाच्या टोकाला, नळाला दुपारी पाणी नाही, साबणाची वडी पाण्यात विरघळून लिबलिबीत झालेली, आणि पुसायला सकाळपासूनचा एकच टॉवेल. काही ठिकाणी अजून ओपीडीच्या टेबलावर एनॅमलच्या वाडग्यात पातळ केलेले लोशन असते आणि डॉक्टर रुग्णागणिक त्यात बोटे बुचकळतात. स्यूडोमोनाससारखे जिवाणू अशा पातळ लोशनात मरत तर नाहीतच, कधी वाढतातही. तो वाडगा उद्याच्या उद्या बंद करायला कसलाही निधी लागत नाही.

आपल्याकडे बाटली कोणत्याही कंपनीची असो, तिला स्टेरिलियमच म्हणतात. १९६५ साली हॅम्बुर्गमध्ये निघालेल्या द्रावणाचे ते नाव. महागड्या बाटलीवाचून मात्र काही अडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली कृती कोणत्याही रुग्णालयाच्या औषधशाळेला जमण्यासारखी आहे. दहा लिटरसाठी ९६ टक्क्यांचे इथेनॉल ८,३३३ मिलिलिटर, ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७, ग्लिसरॉल १४५, बाकी उकळून गार केलेले पाणी. भरून ७२ तास ठेवायचे, म्हणजे बाटलीतले बीजाणू पेरॉक्साइडने मरतात. ग्लिसरॉल हातांच्या कातडीसाठी. सेमेलवाइसच्या क्लोरीनला जे जमले नाही ते या १४५ मिलिलिटरने जमवले. आणि अल्कोहोलची वाण महाराष्ट्राला तरी नसावी. २०२० साली साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांनी परवाना मिळताच सॅनिटायझर काढून दाखवले होते. त्या वर्षी किराणा दुकानातही पायाने दाबायचे स्टँड उभे होते. आज ते गंजून कोपऱ्यात गेले, त्याला माझी हरकत नाही. किराणा दुकानात त्यांची गरज मोठी नव्हतीच. पण कित्येक वॉर्डांतल्या भिंतींवरच्या चौकटीही त्याच सुमारास रिकाम्या झाल्या आणि पुन्हा भरल्या नाहीत.

हात कधी स्वच्छ करायचे याचे पाच प्रसंग या पुस्तकात सविस्तर आले आहेत, ते जागतिक संघटनेचेच आहेत. रुग्णाला हात लावण्याआधी, सुई-नळी-जखमेच्या निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवी-थुंकीचा संपर्क येऊन गेल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावून झाल्यावर. निरीक्षण करणाऱ्यांना सगळीकडे एकच दिसते. 'नंतर'चे प्रसंग बरे पाळले जातात, 'आधी'चे सुटतात. किळस वाटली की हात आपोआप नळाकडे जातो. नीटनेटक्या रुग्णाची नाडी धरताना तसे काही वाटत नाही. यावर अमेरिकेत २०११ साली एक छान प्रयोग प्रसिद्ध झाला. एका फलकावर लिहिले की हात स्वच्छ ठेवल्याने तुमचे रोगांपासून रक्षण होते, दुसऱ्यावर 'तुमचे'च्या जागी 'रुग्णांचे'. पहिल्याने फरक पडला नाही, दुसऱ्याने पडला. स्वतःला काही होत नाही अशी रुग्णालयातल्या माणसाची खात्री झालेली असते. रुग्णाला होईल म्हटले की तो थांबतो. माणसे बेफिकीर असतात म्हणून हात धुत नाहीत, या समजाला हा चोख जबाब आहे.

हातमोज्यांचे एक वेगळे प्रकरण पुढे आहे, ते जरूर वाचा. मोजा घातला की आपण सुरक्षित, आणि म्हणून सगळेच सुरक्षित, असा गैरसमज करोनानंतर फार पसरला. मोजा घालून एका खाटेवरून दुसऱ्यावर, तिथून फाइलवर, कीबोर्डवर, दाराच्या कडीवर फिरणारा हात उघड्या हाताहून वाईट, कारण उघड्या हाताला निदान अधूनमधून चिकट वाटते.

हे सगळे शहरी अतिदक्षता विभागापुरते नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. श्रेय एकट्या हात धुण्याचे नाही, त्यात जंतुसंसर्ग ओळखणे, इंजेक्शन देणे, बाळाला उबेत ठेवणे हे सगळे आले. पण त्या धर्तीवर देशभर आशाताईंना जे शिकवले गेले त्यात बाळाला हात लावण्याआधी बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून, कोपरापर्यंत हात धुऊन, हवेत वाळवायचे हे आहे. मातीच्या घरात, तांब्यातल्या पाण्याने आशाताई हे करते. वातानुकूलित विभागातल्या प्राध्यापकांना ते जड जाऊ नये.

प्राध्यापकांचे नाव मुद्दाम घेतले. वॉर्डातली पद्धत राउंड ठरवतो. सर पहिल्या खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे हात न चोळता गेले, तर मागचे रजिस्ट्रार, हाउसमन, इंटर्न सगळे तसेच जातात. सरांनी चोळले तर शेवटचा इंटर्नही बाटली शोधतो. सरांना 'सर, हात' असे म्हणण्याची सोय सिस्टरला असली पाहिजे आणि ती लेखी असली पाहिजे, नाहीतर असे म्हणणारी सिस्टर पुढच्या महिन्यात दुसऱ्या वॉर्डात दिसते. निरीक्षक वही घेऊन उभा असला की सगळ्यांचे हात स्वच्छ होतात, हे जगभर दिसले आहे. म्हणून नुसत्या टक्केवारीवर विश्वास ठेवू नये. महिन्याला वॉर्डात किती लिटर द्रावण खरोखर खपले ते भांडारातून विचारावे. तो आकडा लाजत नाही.

नातेवाइकांना एक सांगणे. डॉक्टरांना हात धुतले का असे विचारणे आपल्या संस्कृतीत उद्धट वाटते, हे मला ठाऊक आहे. मग ते विचारू नका. दाखल होताना खाटेशी बाटली कुठे आहे एवढे विचारा, स्वतः येता-जाता ती वापरा, आणि शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची चादर मायेने सारखी करायला जाऊ नका.

आणि तुम्ही रुग्णालयात काम करत असाल, तर पुस्तकाचे पहिले प्रकरण उघडण्याआधी आपल्या वॉर्डात एक फेरी मारा. खाटा किती, बाटल्या किती, त्यांतल्या भरलेल्या किती, आणि खाटेवरून हात लांबवून पोचेल अशा किती, एवढे मोजा. फरक येईल तेवढ्या बाटल्यांची मागणी आजच लेखी द्या, आणि तिची पोच घ्या.